दुपारच्या चहानंतर जाणारे इंटरनेट

ठाकुर्ली (पूर्व),
शनिवार, सकाळ

साडूबंधू श्री. सुदेशराव यांस,

ठाकुर्लीहून गुरुदत्तचा सादर, सप्रेम आणि सध्या तरी कागदी नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? नंदाची ॲसिडिटी? माजिवड्याच्या टॉवरात एवढ्या उंचावर हवा चांगली असते म्हणतात. डास तिथवर चढत नाहीत, नातेवाईकही फारसे चढत नाहीत, त्यामुळे आपली प्रकृती उत्तमच असणार असे धरून चालतो. इकडे मंदाकिनीची पाठ अधूनमधून धरते आणि सासूबाई (आपल्याही सासूबाई, मधूनमधून आठवण करून दिलेली बरी) ठणठणीत आहेत. त्या किती ठणठणीत आहेत हे सांगण्यासाठीच हे पत्र, पण ते ओघाने येईल.

आजच्या काळात पत्र कशाला, तेही ऑफिसच्या पत्त्यावर, असे आपल्याला वाटेल. आमच्या घरात मोबाईलला रेंज येते ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि त्या खिडकीत मंदाकिनी उभी असते. तिथे बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत आपल्या सौभाग्यवतींच्या कानावर जातो. घरच्या फोनचे म्हणाल, तर सगळे रामायण त्याचेच आहे.

आपल्याला ठाऊकच आहे की आमचे इंटरनेट अजून फोनच्या तारेतून येते. (मागच्या दिवाळीत आपण त्यावर जो विनोद केला होता, तो मी विसरलेलो नाही. हसलो होतो, कारण पाहुणा होतो.) नंबर जुना आहे, गावाकडच्या चार माणसांना तोच पाठ आहे, म्हणून ठेवला. निवृत्तीनंतर पुण्याच्या एका कंपनीने मला पंपांच्या कामासाठी सल्लागार नेमले, तेही आपल्याला ठाऊक आहे, कारण मी ते सगळ्यांना सांगितले आहे. दर शुक्रवारी दुपारी त्यांची मीटिंग असते. मॅनेजर रुचिता मॅडम, वयाने माझ्या मुलीएवढ्या, त्या विचारणार आणि मी सांगणार, एवढेच काम. पण दुपारचा चहा झाला की इंटरनेट जाऊ लागले. नुसते गेले असते तरी चालले असते. ते माझा चेहरा पुण्यातच ठेवून जाऊ लागले. एकदा मी जांभई द्यायला आणि लाईन पडायला एकच गाठ पडली, तर पुण्याच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझे उघडे तोंड बराच वेळ टांगलेले होते. त्याचा कोणीतरी फोटो काढला. तो पुढे शुभेच्छापत्रासारखा फिरला, असे रुचिता मॅडमनी स्वतःच सांगितले. हसत सांगितले, पण पुढे हेही म्हणाल्या की सर, असेच चालले तर वरचे लोक दुसरा कोणीतरी बघतील.

म्हणून मी मंदाकिनीला बाजूला करून खिडकीतून मोबाईलवरच हेल्पलाइनला फोन लावला. तिथे आधी एक बाई संगीत ऐकवते, मग माझा कॉल मौल्यवान असल्याचे सांगते आणि पुन्हा संगीत ऐकवते. शेवटी जी जिवंत मुलगी लागली तिचे नाव शिवानी. तिने विचारले, इंटरनेटच्या डब्यावर हिरवा दिवा आहे का? म्हटले, आत्ता आहे, दुपारी नसतो. ती म्हणाली, मग डबा बंद करून चालू करा. म्हटले, आत्ता चालू आहे तो बंद कशाला करू? ती म्हणाली, सर, सिस्टिममध्ये ती स्टेप आहे. केला बंद. चालू केला तर दिवा येईना. शिवानी आनंदाने म्हणाली, "बघा सर, प्रॉब्लेम सापडला." (मी पाणीपुरवठ्यात जन्म घालवला, पण लोकांचे चालू नळ बंद करून समाधान दाखवण्याचे हे शास्त्र आमच्याही खात्यात एवढे पुढारलेले नव्हते.) आणखी माहितीसाठी आमच्या वेबसाईटवर जा, असेही तिने सुचवले. कशावरून जाऊ, हे मी विचारेपर्यंत संगीत सुरू झाले होते. संध्याकाळी मोबाईलवर संदेश आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, समाधानी असल्यास एक दाबा. असमाधानी माणसाने काय दाबावे याची सोय नव्हती.

नंतर बंटी नावाचा लाईनमन आला. त्याने जिन्याखालची पेटी उघडली, आतल्या तारांच्या गुंत्याकडे मोठ्या मायेने पाहिले आणि आधी उंदरांना, मग पावसाला, मग रस्ता खणणाऱ्यांना दोष दिला. हे तिन्ही संपल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले. "काका, लाईन एकदम क्लिअर आहे. तुमच्या घरातच काहीतरी लोचा आहे." एवढे बोलून तो डोंबिवलीकडे निघून गेला. आता घर म्हणजे मी, मंदाकिनी आणि सासूबाई. लोचा कोणात शोधायचा?

शेवटी एका दुपारी मी त्या डब्यासमोर खुर्ची टाकून बसलो. चहा झाला. मंदाकिनी आडवी झाली. सासूबाई कपबशी मोरीत ठेवून मधल्या खोलीत गेल्या, दार लोटले, फोन अर्धवट किणकिणला, आणि दिवा विझला. मी उठून आत पाहिले. सासूबाई पलंगावर मांडी घालून, जुन्या जोडफोनचा (हॉलमधल्या फोनच्याच तारेवरच्या दुसऱ्या फोनचा) रिसीव्हर कानाला लावून हसत होत्या. सुदेशराव, आपण त्यांना हसताना कधी पाहिले आहे? गावचे घर बंद करून आम्ही त्यांना इकडे आणल्यापासून मी तरी पाहिले नव्हते. मला बघून त्यांनी घाई केली नाही. पलीकडच्याला म्हणाल्या, "थांबा हां, जावई आलेत," आणि मला म्हणाल्या, "काय पाहिजे?" मला इंटरनेट पाहिजे होते, पण मी विचारले, कोण आहे? तर म्हणे तानाजीराव. कोण तानाजीराव? मोहन्याचे.

प्रकार असा. मोहने गावच्या या गृहस्थांनी कधीतरी औषधाच्या दुकानाला फोन लावला आणि आकडा चुकून तो आमच्याकडे लागला. कुठल्याही शहाण्या माणसाने राँग नंबर म्हणून फोन ठेवला असता. सासूबाईंनी विचारले, कसले औषध? ते म्हणाले, खोकल्याचे. सासूबाई म्हणाल्या, दुकानातले कशाला घेता, आणि अडुळशाचा काढा सांगितला. दुसऱ्या दिवशी खोकला उतरल्याचे कळवायला त्यांचा फोन आला. मग रोजच येऊ लागला. गृहस्थ मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात होते, बायको जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगा-सून दिवसभर कामावर, आणि मूळ गाव पाटणकडचे, म्हणजे आपल्या सासुरवाडीपासून दोन डोंगर पलीकडचे. एकूण माझे इंटरनेट रोज पाटणचा पाऊस आणि नाचणीची भाकरी यांच्यात बुडत होते.

मंदाकिनीला हे सांगितल्यावर तिने पाठ दुखते तरी उभ्याउभ्या कपाळाला हात लावला. "आईचं वय काय, आणि हे काय!" पुढे जे झाले त्याला आपण साक्षी आहात. आपण चौघांनी सासूबाई देवळात गेल्याची वेळ साधून व्हिडिओवर बैठक घेतली. (त्या घरात नसल्यामुळे लाईन उत्तम होती.) नंदा म्हणाली, आमच्या सोसायटीत कळले तर मी लिफ्टमध्ये तोंड कसे दाखवू? मोहन्याचा एक म्हातारा ठाकुर्लीत फोन करतो हे माजिवड्याच्या लिफ्टला कोण कळवणार, हे मी विचारले नाही. मी एवढेच सुचवले की सासूबाईंनी काही महिने आपल्याकडे यावे. आपल्याकडे फायबर आहे, जोडफोन नाही, खोल्याही रिकाम्या आहेत. त्यावर आपण एकदम गोठलात. तोंड अर्धे उघडे, नजर स्थिर, हात हवेत. मंदाकिनी म्हणाली, अगंबाई, त्यांचं नेट गेलं वाटतं. सुदेशराव, गोठण्यातले मला आता थोडेफार कळते. आपण गोठला होतात, पण आपल्या डोक्यावरचा पंखा फिरत होता.

तेव्हा उपाय मलाच करावा लागला. मी दोन्ही फोनच्या वायरी काढल्या आणि फक्त इंटरनेटचा डबा ठेवला. सासूबाईंना सांगितले, लाईनमध्ये बिघाड आहे. त्या म्हणाल्या, बरं. दुसऱ्या दिवशी विचारले, झाला का दुरुस्त? म्हटले, तक्रार नोंदवली आहे. तिसऱ्या दिवशी म्हटले, काम चालू आहे. मग म्हटले, थोडा धीर धरा. बोलता बोलता माझ्या लक्षात आले की मी शिवानीच्याच आवाजात बोलतो आहे. फक्त संगीत तेवढे नाही. सासूबाईंनी नंतर विचारणे सोडले. चहा झाला की त्या मधल्या खोलीत जाऊन मुक्या फोनशेजारी बसायच्या. मंदाकिनी म्हणाली, विसरेल हळूहळू. इंटरनेट मात्र असे धावू लागले की काय सांगू.

मग गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारची मीटिंग. पुण्याचे वरचे लोकही त्या दिवशी बसले होते. मी हॉलमध्ये, माझ्या मागे थेट बाहेरचे दार. मंदाकिनी चक्कीवर गेली होती. मी पंपाच्या व्हॉल्व्हवर बोलत होतो आणि रुचिता मॅडम म्हणत होत्या, "सर, आज तुमची लाईन किती क्लिअर आहे!" तेवढ्यात बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडले. बाहेर एक उंच, वाळके, म्हातारे गृहस्थ, अंगात धुतलेला पांढरा सदरा, हातात काठी, आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला झेंडूचा हार.

"कोण पाहिजे?"

"हौसाबाईंच्या घरी आलोय. मोहन्यावरनं. फोन नुसता वाजतोय, कोणी उचलंना. म्हणलं, काय ते समजायचं." गृहस्थांनी डोळे पुसले. "यायला उशीर झाला, माफी करा. लई भली बाई होती."

"मीच हौसाबाई."

"आँ?" (तानाजीरावांना ऐकू कमी येते. ते मला तेव्हा कळले, पुण्यालाही तेव्हाच कळले.)

"मी! हौसाबाई! मेले नाही अजून!"

म्हातारा दाराच्या चौकटीला धरून राहिला. मग हसायला लागला, मग पुन्हा डोळे पुसू लागला, आणि हाराचे काय करावे ते न कळून तो मागे लपवू लागला. सासूबाईंनी हात पुढे केला. "आणा इकडे. आणलाय तर वाया कशाला घालवायचा?" त्यांनी तो हार घेतला, स्टूल ओढले (मी धावलो, हेडफोनसकट), आणि भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोचा सुकलेला हार काढून हा घातला. मग त्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "हे तानाजीराव. फोनवरचे." अशी रीतसर ओळख करून देऊन त्या चहा ठेवायला गेल्या.

मी वळून पाहिले तर पुण्यात कोणी हलत नव्हते. मला वाटले, लाईन गेली. लाईन गेली नव्हती. रुचिता मॅडम रुमाल शोधत होत्या.

चहा झाला, पण गंमत अशी की समोरासमोर बसल्यावर दोघांना बोलता येईना. सासूबाई पदर सारखा करत बसल्या, तानाजीराव काठीच्या मुठीकडे बघत बसले. "पाऊस आहे का तिकडं?" "आहे." एवढेच काय ते झाले. मी त्यांना खाली रिक्षात बसवून आलो, मधल्या खोलीत गेलो आणि वायर जोडली. अंधार पडायच्या आत फोन वाजला. ते सुखरूप पोचले होते, आणि मग तासभर तेच सगळे नीट बोलणे झाले, जे समोर बसून जमले नव्हते.

नंतर बंटीला बोलावले. म्हटले, मधल्या खोलीत जोडफोन आहे. तो म्हणाला, "काका, हे आधी सांगायचं ना!" (आधी विचारायचे कोणी?) त्याने फोन आणि इंटरनेट वेगळे ठेवणारी एक छोटी डबी लावली. दिवा विझायचा थांबला, पण कानात आवाज बारीक येऊ लागला आणि पलीकडून सारखे "आँ? आँ?" सुरू झाले. सासूबाईंनी तक्रार केली नाही. डबी मीच काढली. रुचिता मॅडमनी मीटिंग सकाळवर घेतली आहे, आणि सुरुवातीला पंपांऐवजी "आजोबा कसे आहेत?" असे विचारतात. मंदाकिनी अजून नाराज आहे, पण दुपारी तानाजीरावांचा फोन यायला उशीर झाला की घड्याळाकडे तीच बघते. नंदाला हार, फोटो वगैरे काहीच कळलेले नाही, याची आम्ही खिडकीपाशी पुरेपूर काळजी घेतो.

तर असे आमचे इंटरनेट. आपला गुडघा जपा, लिफ्टमध्ये तोंड दाखवत राहा, आणि या थोरल्या साडूवर लोभ आहे तेवढाच ठेवा, वाढवण्याची तसदी घेऊ नका.

आपला,
गुरुदत्त

ता. क. – मुख्य मुद्दा राहिला. पुढच्या रविवारी (उद्याच्या नव्हे) आपली गाडी आणि आपला ड्रायव्हर नाथा दिवसभरासाठी हवा आहे. तानाजीरावांनी मोहन्याला जेवायला बोलावले आहे. भरली वांगी ते स्वतः करणार आहेत. रिक्षात सासूबाईंचे कंबरडे मोडते. आपल्या मोठ्या गाडीत त्या नीट बसतील. नाही म्हणायचे असल्यास कृपया समक्ष येऊन म्हणावे.

ता. क. २ – गाडीत माझीही जागा धरावी. त्याचे असे की सासूबाई भजनाला गेल्या की मधल्या खोलीतला फोन मी उचलतो. तानाजीरावांनी कारखान्यात जन्मभर पंपच सांभाळले होते, हे मला उशिरा कळले. काल सकाळी त्यांनीच फोन केला, मीच वाहवत गेलो, आणि रुचिता मॅडमची मीटिंग मधोमध पडली. ती माझ्यामुळे. लाईनचा बिघाड आहे आणि तक्रार नोंदवली आहे, असे मी पुण्याला कळवले आहे.

ता. क. ३ – सासूबाई आत्ताच येऊन विचारून गेल्या, एवढे लांबलचक कोणाला लिहिताय? म्हटले, सुदेशरावांना, इंटरनेटबद्दल. त्या म्हणाल्या, "लिहा, लिहा. फक्त त्यांना म्हणावं, इंटरनेटबद्दलचं तेवढं नंदाला वाचून दाखवू नका."