मोजता येतील का?

१४ नोव्हेंबर

टॉवेलच्या घड्या! दहावी झाली की माझ्या मुलीने दोन वर्षं टॉवेलच्या घड्या घालायला शिकायचं, बसचं तिकीट काढायला शिकायचं, आणि तिथेच तिचं शिक्षण संपायचं. शाळेचा बेत असा आहे. नाव मात्र भारदस्त: जीवनकौशल्य वर्ग. टॅम्सिनला कॉलेजात उच्च गणित घ्यायचंय. सोळा वर्षांची आहे, स्वमग्न म्हणजे ऑटिस्टिक आहे, आणि कॅल्क्युलसचं पुस्तक उशाशी घेऊन झोपते.

शाळेला सल्ला देणारा मानसशास्त्रज्ञ गार्ट्रेल फार गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याशी भांडणं अवघड. म्हणाला, "पास्कोबाई, खोटी आशा लावणं हा मुलांवर अन्यायच असतो." आशा खोटी आहे हे कशावरून, मी विचारलं. तर म्हणे चाचणीवरून. तिला साधे ठोकळे मोजता आले नाहीत.

इस्पितळातल्या सफाईवाल्या बायकांची युनियन मी चालवते. 'तुमच्या भल्यासाठीच सांगतो' अशी सुरुवात झाली की आपल्या हातातलं काहीतरी जाणार, हे मला पाठ आहे. आणि मी वाचते. 'यांना शिकवून काय उपयोग' हे कोणाकोणाबद्दल म्हटलं गेलं ते मी वाचलंय — मजुरांची पोरं, बायका, या बेटाचे मूळ रहिवासी. दर वेळी सांगणारा पदवीधर होता. दर वेळी चुकला होता.

१५ नोव्हेंबर

माझा नवरा मर्व म्हणतो, "तू भाषण सुरू केलंस की ते लोक कान मिटून घेतात, नोलीन." आयुष्यभर ट्रकने लाकडाचे ओंडके बंदरावर नेलेला माणूस. त्याला वाटतं, धीराने चालवलं की सगळं पोचतं.

बरोबर असेल त्याचं. पण गप्प बसून कोणाला काय मिळालंय?

१६ नोव्हेंबर

आज कळलं. लगेच लिहून ठेवते.

नाश्त्याची भांडी विसळताना टॅम्सिनला सहज म्हटलं, गार्ट्रेलने ठोकळे मोजायला सांगितले तेव्हा काय झालं होतं?

"नाही सांगितले."

तो तर सांगितले म्हणतो, मी म्हटलं.

"त्याने विचारलं, तुला हे ठोकळे मोजता येतील का? मी म्हटलं, हो."

मग?

"मग तो काही बोलला नाही. मग त्याने ठोकळे उचलून ठेवले."

मी नळ बंद केला. मग मोटेलच्या धुलाईखान्याचं विचारलं. शाळेने तिला तिथे सरावाला पाठवलं होतं आणि दुपारीच परत आणलं होतं — काम करायला तयार नाही म्हणून. काय झालं होतं तिथे? म्हणाली, तिथल्या बाईंनी विचारलं, टॉवेलच्या घड्या घालायला आवडेल का. ती नाही म्हणाली.

कोणाला आवडतं!

आमच्या घरात हे ध्यानातच आलं नाही, कारण या घरात असं कोणी विचारत नाही. ताट उचल. दार लाव. कुत्र्याला खायला घाल. मी तोंडाची फटकळ, मर्व तोंडाचा कंजूष. आमच्याकडे प्रश्न असतो तो प्रश्नच असतो.

एक सोडून. संपाच्या सभेत मी व्यासपीठावरून गरजले होते, हे आपण मुकाट्याने सहन करणार आहोत का? मी दम घ्यायला थांबले, तर पहिल्या रांगेतून टॅम्सिन: "बहुतेक हो. मागच्या वेळी केलं होतं." सगळा हॉल खो खो हसला. मीही हसले. आणि त्यातून काहीच शिकले नाही.

१८ नोव्हेंबर

गार्ट्रेलला सगळं सांगितलं. पुन्हा चाचणी घ्या म्हटलं, सरळ शब्दांत — मोज, लिही, सोडव. नाही म्हणाला. प्रश्नामागचा अर्थ ओळखता येतो की नाही, हेच तर तपासायचं असतं. बाहेरच्या जगात तिच्याशी असं सोपं करून कोणी बोलणार नाही.

मुद्दा अगदीच पोकळ नाही. म्हणून जास्त चीड आली. मी म्हटलं, "मग त्या चाचणीला सभ्यपणाची चाचणी म्हणा. गणिताची म्हणू नका."

यावर त्याने मला चहा विचारला.

२५ नोव्हेंबर

कॉलेजात गेलो. उच्च गणिताच्या वर्गात कोणाला घ्यायचं ते कियर्सली ठरवतो. शाळेची शिफारस नसली तरी तो घेऊ शकतो. त्याच्याबद्दल जो तो बजावतो: खडूस आहे, उद्धट आहे, पालकांना उभं करत नाही.

मला खरंच उभं केलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाला, "तुम्ही बाहेर बसा, बाई." तिच्यापुढे कागद टाकला. "ही सोडव. अडलीस तर पुढचं घे. घंटा झाली की थांब."

मी बाहेर. पश्चिमेचा वारा नुसता दारं आपटत होता. इतकी गप्प मी कधीच बसले नव्हते.

घंटा झाल्यावर तो बाहेर आला. "फेब्रुवारीत पाठवा. पेन नको, पेन्सिल. खोडते फार." इतकंच! शाब्बास नाही, काही नाही. गाडीत टॅम्सिन म्हणाली, "तो नीट बोलतो."

जगातला पहिला माणूस असेल, कियर्सलीबद्दल असं म्हणणारा.

४ फेब्रुवारी

कॉलेजात गेली. हिलरी नावाची मदतनीस सोबत असते. तासांमधली धक्काबुक्की, जेवणाच्या सुट्टीतला कल्ला, यातून ती तिला पार नेते. शिवाय एक छोटी शांत खोली मिळाली आहे. ही दोन्ही मिळवताना मी किती दारं ठोठावली ते लिहीत नाही. रक्तदाब वाढतो.

११ जून

सहामाहीचा पेपर. पहिली नाही. पाचवा प्रश्न: यावरून क्षेत्रफळ काढता येईल का? टॅम्सिनचं उत्तर: हो, येईल.

कियर्सलीने शून्य दिलं. मी भांडायला निघालेच होते. तिनेच अडवलं. म्हणाली, त्याने समजावून सांगितलंय. पेपर काढणारे लोक भित्रे असतात, सरळ सांगायला घाबरतात, म्हणून 'येईल का' दिसलं की 'काढ' असं वाचायचं.

"आधी कोणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. तक्रार माझी आहे. अकरा वर्षांची शाळा, आणि हे एक वाक्य कोणाला सांगता आलं नाही!

५ सप्टेंबर

वाईट दिवस. हिलरी आजारी, बदली कोणी पाठवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत टॅम्सिन सामानाच्या कोठडीत शिरली, कान दाबून बसली, दार उघडेना. मी पोचले तर कियर्सली कोठडीबाहेर फरशीवर बसलेला, टाय सैल करून. दाराच्या फटीतून एकसुरी आवाजात गणितं वाचून दाखवत होता. थोड्या वेळाने आतून उत्तरं यायला लागली.

उठताना गुडघा धरून म्हणाला, "हिलरी हवीच, बाई. तिच्याशिवाय हे वर्ष निघायचं नाही." गणित तिचं आहे. पण गणितापर्यंत पोचायला माणूस लागतं.

१७ नोव्हेंबर

या वर्षाचा शेवटचा पेपर. मी सकाळपासून स्वयंपाकघराची फरशी दोनदा पुसली. मर्व म्हणाला, "युनियनला सांगू का, तुला जादा राबवतात म्हणून?"

ती आली, शिंपल्याच्या मांसाचा पॅटिस खाल्ला. कसा गेला विचारलं. "संपला."

१६ डिसेंबर

सर्वोत्तम श्रेणी! उच्च गणितात आमच्या सगळ्या किनारपट्टीत तिच्या पुढे कोणी नाही. कियर्सलीने स्वतः फोन केला. "चुकली एका ठिकाणी. सांगा तिला." आणि ठेवला.

मी मर्वला फोनवर सांगितलं, तर त्याने ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि तिथेच बसून राहिला. हुंदका ऐकू येऊ नये म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं. मला ऐकू आलाच.

कॉलेजचं एक वर्ष राहिलं. मग विद्यापीठ. कोणी मला अडवून दाखवावं!

१९ जानेवारी

शिक्षण खात्याचा फोन. एवढे उत्तम गुण आहेत तर मदतीची गरज उरलेली नाही. हिलरी बंद, शांत खोली बंद. गार्ट्रेलने नवं मत दिलंय: एवढं जमतं म्हणजे मुळात निदानच चुकलं असावं. काल ती गणितासाठी फारच स्वमग्न होती. आज गणित आलं म्हणून स्वमग्नच नाही.

मी कोट चढवला. भाषण ओठावर होतं. टॅम्सिन दारात आडवी उभी राहिली. "आई, तू नको."

फोनवर ती आजवर कोणाशी बोललेली नाही. खात्याचा नंबर तिने स्वतः लावला. एका हाताने एक कान दाबून धरलेला. मी कोट घालून तशीच उभी.

"मी टॅम्सिन पास्को. माझ्याबद्दल जे विचारायचं आहे, ते मला विचारा."