फुकटात दहाच

१९ जाने., सोम.
थंडीची सुट्टी संपली. धुक्यात निम्मा वर्ग गैरहजर. प्रिं. मॅडमनी बोलावून घेतलं. आठवीला तिसरी भाषा म्हणून मराठी घेणारी दहा मुलं मिळाली तर विषय चालू, नाहीतर मार्चनंतर बंद. म्हणजे मीही बंद. सध्या सातवीत माझी अकरा आहेत. "बच्चों को एंगेज कीजिए, फ्री टूल्स हैं ना," असं वर. बावीस वर्षं मी बहुतेक झोपा काढत होते.

२२ जाने., गुरु.
नवऱ्यानं, विनयनं, घरी दोन दिवस बसवून ऑनलाइन क्विझ करायला शिकवलं, आज लॅबमध्ये पहिली क्विझ. स्वयंपाकघरातल्या वस्तू, चित्र बघून नाव ओळखायचं. स्क्रीनवर पोरांची नावं वरखाली होतात, मागे संगीत. सांडशीला "वो पकड़नेवाला" म्हणणारी ही दिल्लीची पोरं चक्क खुर्च्यांवरून उठून ओरडत होती.
एकच घोळ. फ्री क्विझ अकरावं नाव घेईना. फुकटात दहाच. दोघांना एका कॉम्प्युटरवर बसवलं तर कार्तिक आणि नीलची झटापट. मग अल्फियाला म्हटलं, तू माझी पंच, उत्तरं तू समजावून सांग. मुलाणींची अल्फिया, मूळ कराडची, सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये राहते. घरात सगळे मराठीच बोलतात. तिला झारा, उलथनं, किसणी सगळं येतं. छान समजावलंन.

२९ जाने., गुरु.
दुसरी क्विझ. विषय नाती. मावशीचा नवरा कोण, यावर पाचजणांनी "मौसाजी" दाबलं. हसून पुरेवाट. अल्. पंच.
मयूर विहारला परतताना मेट्रोत उगाच हलकं वाटत होतं.

५ फेब्रु., गुरु.
आज भांड्यांची जुनीच क्विझ, फक्त रंगीत चौकोनांतल्या उत्तरांची जागा बदलून. सगळे आपटले. कार्तिक म्हणतो, "मॅम, चीटिंग! सांडशी तर लाल होती." म्हणजे शब्द नाही, रंग पाठ केलेत. दोन आठवडे मी यालाच मराठी समजत होते. कसलं एंगेज नि कसलं काय.
अल्. टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "मॅम, आज मी खेळू?" मी म्हटलं, "अगं, तू उतरलीस तर बाकीच्यांचं काय होणार!" सगळे हसले. तीही हसली.

१० फेब्रु., मंगळ.
भाषा निवडायचा ऑनलाइन फॉर्म पालकांकडे गेला. सोमवारी चारपर्यंत भरता येतो, बदलताही येतो. नीलच्या वडिलांची भोपाळला बदली, तो गेला. राहिले दहा. बरोब्बर दहा. काठावर, पण आहेत.
नील गेल्यावर लॅबमध्येही दहाच उरले. या गुरुवारी लॅब मिळणार नाही, पण पुढच्यापासून सगळे खेळतील. हे आज सुचतंय मला.

१३ फेब्रु., शुक्र.
नऊ.
ऑफिसातल्या क्लार्कनं यादी दाखवली. दहावी अल्फिया. संस्कृतवर टिक. मी दोनदा वाचलं, नाव तेच.
मधल्या सुट्टीत तिला विचारलं, घरच्यांनी सांगितलं का? म्हणाली, नाही मॅम, पप्पा मराठीच घे म्हणत होते, मीच भरलं. मग का गं? बराच वेळ डब्याचं झाकण लावत राहिली. म्हणाली, "मला एकदा पण खेळायला मिळालं नाही. तुम्ही म्हणालात मला येतं. येतं तर मग शिकू कशाला?"
तास आहे म्हणून सटकले. तास नव्हता.

१४ फेब्रु., शनि.
पाळी लावायची. एवढी साधी गोष्ट. वर्गात खडू आणायला, फळा पुसायला मी पाळी लावते. भोंडल्याची खिरापत कोण आणणार याचीसुद्धा पाळी लावली होती. आणि इथे? जिला सगळ्यात जास्त येतं तिलाच दर वेळी बाहेर उभं केलं, वर तो मान आहे असं तिला भासवलं. खरं कारण हे की ती कुरकुर करणार नाही हे मला ठाऊक होतं. शहाण्या मुलाला कडेला ठेवणं सोपं असतं. लाज वाटते.
विनय म्हणाला, "तिच्या वडिलांना फोन कर, मराठी माणूस आहे, बदलतील." बदलतील हो. ते मला माहीत आहे म्हणूनच भीती.

१५ फेब्रु., रवि.
महाशिवरात्र. खिचडी केली. मुलाणींचा नंबर तीनदा काढला. काय बोलणार? चुकलं माझं, अल्फियाला सांगा. आणि पुढे? पुढे काही न बोलताही त्यांना कळणारच की दहावं नाव हवंय. पोरीला वाटेल, मॅमना आत्ता आठवण झाली. बरोबरच वाटेल. मी तिच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं.
विनयचं म्हणणं, "नोकरी जातेय तुझी आणि तू सोवळं पाळत बसलीस." नोकरीचं आहेच. पण उरलेल्या नऊ पोरांचं मराठीही जाणार. कार्तिकला आता कुठे मावशीचा नवरा कळलाय.

१६ फेब्रु., सोम.
स्टाफरूम. तीन वाजून गेलेत.
सकाळी अल्. जिन्यात भेटली. नेहमीसारखं गुड मॉर्निंग म्हणाली. मीही म्हटलं. बस.
फॉर्म चारला बंद होतो. चारनंतर माफी मागितली तर ती निव्वळ माफी असेल, कशासाठीही नसलेली. पण तेव्हा मराठी गेलेलं असेल. चारच्या आत मागितली तर तिला ती खरी वाटायची नाही. कदाचित मलाही.
आठवा तास सातवीचा आहे, तीन दहाला. ती दुसऱ्या बाकावर असेल.
घंटा झाली.