गच्चीवरच्या पारव्यांची मेथी

ती. मामांना साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. प्रत्यक्षात पोट आडवं येतं, हे तुम्ही जाणताच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या तब्येतीचं विचारत नाही. परवा फोनवर आवाज ऐकला, खणखणीत आहे. आम्ही सगळे मजेत. मी तर आज इतका खुशीत आहे की सकाळी बेकरीत भट्टीपुढे उभा राहून चक्क गात होतो. धाकट्यानं शेवटी पंखा मोठा केला.

कारण असं, मामा, की माझा चमचा वाचला! बाबांच्या वेळेपासून आपल्या बेकरीतलं क्रीम असो की पाक, त्या लांब दांड्याच्या चमच्यानं मी चाखल्याशिवाय बाहेर जात नाही. मागल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी माझी साखर बघितली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, पुढच्या तपासणीत हेच दिसलं तर चाखणं बंद. म्हणजे चमचा धाकट्याकडे. आता धाकटा माझाच भाऊ, गुणी आहे, मेहनती आहे. पण चहा पिऊन ‘कॉफी छान झालीय’ म्हणणारा माणूस आहे हो! बाबांची बेकरी त्याच्या जिभेवर सोडायची, या विचारानं मला जेवण जाईना. (दोन दिवस. मग गेलं.)

ही बातमी मामींपर्यंत कुणी पोचवली मला माहीत नाही. (माहीत आहे, पण तिच्याच हातचं जेवायचं आहे.) लगोलग मामींकडून मेथीदाण्यांची पिशवी आली आणि सोबत हुकूम. दाणे रात्री भिजवा, सकाळी चावून खा, वर ते पाणी प्या. उरतील त्यांना मोड आणा. त्यातूनही उरले तर भाजून पूड करा आणि लोणच्यात घाला, नाहीतर वाटून केसांना लावा. थोडक्यात, तोंडाकडून निसटलो तर डोक्याकडून गाठायचं.

पहिल्या दिवशी इमानदारीत चावले. मामा, तुम्हीही भोगलंय, वेगळं काय सांगू? माझी जीभ जी रुसली ती दुपारपर्यंत बोलेना. चमचा तोंडात घातला तर क्रीम कडू. साखर घातली, तरी कडू. आणखी घातली. शाळेच्या मोठ्या बाईंच्या निरोपसमारंभाचा केक होता तो. पाहुण्यांनी पहिल्या घासाला टाळ्या वाजवल्या नाहीत, पाणी मागितलं. त्याच आठवड्यात तुमच्या सूनबाईनं, म्हणजे आमच्या हिनं, केसांसाठी वाटलेली मेथी बेकरीच्या फ्रिजमध्ये ठेवली (घरचा फ्रिज रुसला होता) आणि आमच्या धाकट्यानं ती पाक समजून बनांवर ब्रशनं फासली. काय चकाकी आली म्हणून सांगू! गिऱ्हाइकांनी हातोहात नेले आणि तासाभरात तोंडं वाकडी करून परत आणले. एक आजोबा मात्र अजून येतात आणि ‘ते पोट साफ करणारे बन’ मागतात.

तेव्हा मी ठरवलं की मेथीनं चमचा वाचायचा नाही, उलट लवकर जायचा. पण घरात नाही कोण म्हणणार? मग मी जाहीर केलं की यापुढे मेथी मोकळ्या हवेतच खाणार. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही आणि खालीही क्वचितच येते, म्हणून रोज उजाडताना वाटी घेऊन धापा टाकत चारही मजल्यांचे जिने चढतो, कोपऱ्यातल्या बेवारशी कुंड्यांत दाणे ओततो, वर माती सारतो आणि तोंड हलवत खाली येतो. हा अभिनय मला इतका साधलाय की सूनबाईचे डोळे कौतुकानं भरून येतात.

गंमत म्हणजे कुंड्यांत काही टिकत नाही. हिरवी पानं जरा वर आली की गच्चीवरचे पारवे चट्टामट्टा करतात, तोही अशा सफाईनं की कात्रीनं कापल्यासारखा! पारवे अंगानं चांगले भरलेत. साखर तर त्यांची नक्कीच ताब्यात असणार.

पाल्याशी मात्र माझं वैर नाही, वैर दाण्यांशी. हल्ली घरी मेथीची भाजी फार होते, कोवळी, लसणावर परतलेली. कधी डाळीत, कधी कणकेत. इतका ताजा पाला बाजारात कुठून मिळतो विचारलं तर सूनबाई नुसती हसते. मी दोनदा वाढून घेतो.

आणि काल अहवाल आला. साखर चक्क उतरली! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय केलंत? मी छातीठोकपणे सांगितलं, मेथी. बाई खूश. म्हणाल्या, गोळ्या सोडू नका, जिने सोडू नका आणि जे चाललंय ते तसंच चालू द्या. चमच्याला हात लावायची परवानगी मिळाली, थेंबभर चाखण्यापुरती. मामा, बाहेर येऊन मी रस्त्यातच डोळे पुसले. खोटं कशाला सांगू?

मामींना शिरसाष्टांग.

तुमचा,
चमचाधारी भाचा

ता. क. पत्र वाचून फाडा. मामींच्या हाती लागलं तर मला तुमच्या घरात पाणीही मिळायचं नाही.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. पिशवी संपत आली. आणखी दाणे पाठवायला मामींना सांगा, जरा जास्तच. जे चाललंय ते तसंच चालू ठेवायचं आहे आणि पारव्यांचाही आता जीव जडलाय.

ता. क. तिसरा (अक्षरावरून ओळखालच). मामा, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, पाकीट न चिकटवता. गच्चीवर एकही पारवा नाही. कात्री माझी. दाणे अवश्य पाठवा, पीक झकास येतं. मामींना आत्ताच फोनवर सगळं वाचून दाखवलं, खूप हसल्या. म्हणाल्या, तुमच्या मामांनाही वाटतं, परसातली मेथी आपोआप उगवते असंच मी समजते.