गोदामात लोखंड आहे, आक्का

बुऱ्हाणपूर,
रविवार (म्हणजे सुई न टोचण्याचा वार)

तीर्थरूप मथुराआक्काच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या लीलाधरचा नमस्कार. (खरं डोकं ठेवायला वाकावं लागतं आणि वाकलं की घेरी येते, म्हणून हल्ली हे काम पत्रातूनच उरकतो. रागावू नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस का, की शेजारणीच्या डोळ्यांना जास्त गरज आहे म्हणून बाटली तिला देऊन टाकलीस? अमळनेरला ऊन फार आहे असं ऐकतो. दुपारी बाहेर पडू नकोस.

इकडे आम्ही ठणठणीत आहोत. हे वाक्य मी तुला फोनवर इतक्यांदा सांगितलंय की सवयीनं पत्रातही येऊन बसलं. आलंच आहे तर राहू दे. त्याचं काय करायचं ते पत्र संपल्यावर तूच ठरव. फोन न करता लिहायला बसलो त्याचं कारण असं की फोनवर तू दुसऱ्या वाक्याला रडायला लागतेस, मग मी घाबरून ‘सगळं छान आहे’ म्हणतो आणि फोन ठेवतो. दोन वर्षं आपलं बोलणं हे एवढंच. याचं मला वाईट वाटतं. पत्रात तू रडलीस तरी मला ऐकू येणार नाही, म्हणून आज सगळं सांगून टाकतो.

सगळ्यात आधी तुझ्या कढईबद्दल. माझ्या रक्तात लोखंड कमी आहे हे माझ्या तोंडून निसटलं आणि तू भाच्याच्या हाती लोखंडी कढई, गुळाची ढेप आणि खजूर पाठवलास. माया पोचली, आक्का. पण डायलिसिसच्या माणसाचं खाणं हा मोठा विचित्र प्रकार आहे. ज्यात म्हणून लोखंड, त्यात दुसरं काहीतरी निघतं जे मला चालत नाही. पालकात पोटॅशियम, खजुरात पोटॅशियम, गूळ तर साखरेच्या दुखण्यामुळे आधीच बाद. केळ्याचं नाव काढायचं नाही, आणि राहायचं कुठं तर बुऱ्हाणपुरात, जिथं भेटायला येणारा प्रत्येक माणूस केळ्यांची फणीच घेऊन येतो. कढईत मात्र पोटॅशियम नव्हतं. पण भाचा ती घेऊन आला शनिवारी, आणि शनिवारी घरात लोखंड आणायचं नाही हे सुमित्राचं ठाम मत. (चाळीस वर्षांच्या संसारात तिनं शनिवारी साधी टाचणीसुद्धा आणू दिलेली नाही.) म्हणून कढई बाहेर ओट्यावरच राहिली. सकाळी पाहतो तर गल्लीतली बकरी तिच्यातलं पाणी पीत उभी, आणि नंतर तिला दुसरं भांडं चालेना. माझं हिमोग्लोबिन होतं तिथंच आहे. बकरी मात्र धष्टपुष्ट दिसते.

कढईवर हसू नकोस, कारण पुढचा घोटाळाही शनिवारचाच. माझं डायलिसिसचं मशीन मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी असतं, आणि लोखंडाचं इंजेक्शन द्यायचे ते शनिवारी. सुमित्रा म्हणाली, “शनिवारी लोखंड घरात येत नाही, आन् तुम्ही थेट अंगात घेता? मी बोलली ना तुम्हाले, शनिदेव पाहून राह्यला.” आता तुला माहीत आहे, मी देवधर्मातला नाही. पण ज्या माणसाचं रक्त आठवड्यातून तीनदा नळीतून बाहेर फिरून येतं, त्यानं कोणाशी वैर धरू नये असं मला वाटतं. मग दर शनिवारी मला कधी कणकण असायची, कधी मळमळ, आणि सिस्टर सुई परत ठेवायची. शेवटी त्यांनी कंटाळून इंजेक्शन गुरुवारावर नेलं. मी निमूट घेऊ लागलो. रक्त वाढेल, जिना चढताना धाप लागणार नाही, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो.

वाढलं काहीच नाही. उलट तपासणीत विचित्र निघालं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी दोन आकडे दाखवले. एक फेरिटिन, म्हणजे शरीरात लोखंडाचा साठा किती, तो भरमसाट. दुसरा, त्यातलं रक्ताला वापरायला किती मिळतं, तो तळाला. म्हणाल्या, “बाबूजी, गोदाम भरा पड़ा है, पर ताला लगा है. शरीर में कहीं आग लगी है.” आक्का, हे त्या कुणाला सांगत होत्या? नेपानगरच्या कागद कारखान्यात ज्यानं सारा जन्म स्टोअरकीपरी केली त्याला! माल आत असताना ‘नाही’ म्हणायचं हे काम मी पगार घेऊन केलं. मागणारा जास्त घाई करायला लागला की मी आधी किल्ली खिशात टाकायचो. शरीरही तेच करतं म्हणे. आत कुठं सूज असली, जखम चिघळली, की त्याला वाटतं शत्रू शिरलाय. जंतूंनाही लोखंड लागतं, ते त्यांच्या हाती पडू नये म्हणून शरीर सगळा माल कुलपात टाकून बसतं. जंतू उपाशी, आणि मीही उपाशी. आत माझ्याच स्वभावाचा कुणीतरी बसलाय हे कळल्यावर बाहेरच्या मला जरा लाजच वाटली.

गंमत इथवर. पुढचं डॉक्टरीणबाईंनी सुमित्राला दाराबाहेर नेऊन सांगितलं, पण त्या दाराला कडी नीट लागत नाही. त्या म्हणाल्या की ज्यांच्या अंगात अशी आग धुमसत राहते आणि लोखंड कोंडलेलं राहतं, ते पेशंट फार दिवस टिकत नाहीत. आग शोधलीच पाहिजे. मी डोळे मिटून पडलो होतो. सुमित्रा आत आली आणि माझं पांघरूण उगाचच नीट करत राहिली.

मला तेव्हा भाईदास आठवला. तुला भाईदास माहीत नाही. बहादरपूरचा केळीवाला शेतकरी, माझ्या शेजारच्या खाटेवर असायचा. स्वतःची एवढी बाग आणि खायला एक केळं नाही, यावर तो रोज नवा विनोद करायचा. दवाखान्याच्या नर्सबायांसाठी मात्र दर आठवड्याला घड आणायचा. मशीनला जोडायला त्याच्या मानेत नळी होती. हातावर कायमची सोय करायला ऑपरेशन लागतं, ते तो पुढं ढकलत होता, “केळी कटून जाऊ द्या मग पाहू” म्हणत. केळी कटली, दुसरी लागली. नळीत जंतू झाले. त्याचेही हेच दोन आकडे होते, एक वर आणि एक खाली. मला नेहमी म्हणायचा, “तात्या, बागेत या एकदा. खाता नाही येत तर काय झालं, सावलीत बसू.” मी गेलो नाही. आता त्याची बायको अजून दर आठवड्याला घड पाठवते, तो नर्सच्या टेबलावर ठेवतात, आणि आम्ही सगळे पेशंट चार तास त्याच्याकडे बघत पडून असतो. त्याच्या सावलीत एक दुपार बसलो असतो तर काय बिघडणार होतं, हे मला अजून कळत नाही.

असो. आग शोधायला सुरुवात झाली. दात पाहिले, छातीचा फोटो काढला, कान पाहिले. आमच्या घरात जिकडंतिकडं माझ्या आगीचीच चर्चा. सूनबाई योगितानं तर माझा टूथब्रश लपवून नवा आणला, आग जुन्या टूथब्रशात असेल या हिशेबानं. आणि मग एका शनिवारी (हो, शनिवारीच) अश्विनी सिस्टर माझ्या पायावरचं पांघरूण सारखं करायला गेली आणि म्हणाली, “बाबा, मोजा का ओला आहे?” सुमित्रा पटकन पुढं झाली. “राहू द्या ना सिस्टर, त्यांना थंडी वाजते.” पण सिस्टरनं मोजा ओढला, आणि तो टाचेला चिकटला होता.

टाचेला भेग होती हे आम्हा दोघांना माहीत होतं. सुमित्रा हळद भरायची, मी मोजा घालायचो. दुखत काहीच नव्हतं. साखरेनं माझ्या तळव्याला केव्हाच बहिरं केलंय. डॉक्टरीणबाई आल्या, चिमट्यानं आत धुंडाळलं आणि स्टीलच्या ताटलीत टण्णकन काहीतरी टाकलं. खिळा, आक्का. आमच्या गल्लीत घरोघर पॉवरलूम आहेत, त्यांच्या पेट्या ठोकताना पडलेला गंजका खिळा. रक्तात लोखंड नाही म्हणून अमळनेरपासून इथवर सगळे हवालदिल, आणि माझ्या टाचेत हा गृहस्थ किती दिवसांपासून बिऱ्हाड करून बसलेला! सगळे ताटलीत डोकावले. सुमित्रा तेवढी म्हणाली, “आन् आज शनिवार हाय!”

आता तू विचारशील, खिळा टाचेत घुसलाच कसा, चपला नव्हत्या का? आक्का, तू हे विचारू नकोस. दवाखान्यात सगळेच चपला बाहेर काढून आत येतात, म्हणून तिथं कुणाला कळलं नाही. दाराशी चपलांचा ढीग असायचा, त्यात माझ्या कधीच नव्हत्या. भाईदास म्हणायचा, “तात्या नशीबवान, यांच्या चपला चोरीला जात नाहीत.”

मशीन सुरू झालं त्या महिन्यात तू आली होतीस. इच्छापूरला मला देवीच्या पायऱ्यांशी उभं केलंस, डोक्यावर हात ठेवलास आणि बोललीस, “माय, याचं मशीन सुटू दे. सुटलं की माझ्यासंगं अनवाणी चढून येईल, आन् तवपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. यानं नाही पाळलं तर माझं काय करायचं ते कर.” आपल्याला तेव्हा वाटलं होतं, रक्त दोन-चारदा धुतलं की संपलं. मलाही तसंच वाटलं होतं, तुला दोष नाही. पण हे मशीन सुटत नसतं, आक्का. ते सुटतं ते भाईदाससारखंच. देवीला तू अशी अट घातलीस की तिला बिचारीला पुरी करायला वाटच नाही.

डॉक्टरीणबाईंनी परवा दटावून सांगितलंय, अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, न्हाणीतसुद्धा. हाडाचा फोटो काढलाय. ‘अनवाणी का फिरता?’ विचारलं तर मी म्हणालो, सवय आहे. तुझं नाव तिथं घेतलं नाही. सुमित्रानं मऊ रबरी चपला आणल्या, काळ्या, अगदी तुझ्या आवडीच्या नाहीत. मी एकदा डावा पाय आत घातला. पण तुझा तो हात आठवला, आणि तुझे गुडघे. तू फोनवर गुडघे दुखतात म्हणालीस की मी इकडं मनात हिशेब करतो, माझ्याकडून कुठं चुकून कुणाची चप्पल पायात गेली का. मी देवधर्मातला नाही हे वर लिहिलंय. ते खरंच आहे. पण तू आहेस, आणि भोगणार तू असं तू स्वतः बोलून बसलीस. पाय काढून घेतला.

खिळा निघाल्यापासून अंग जरा हलकं वाटतं. गोदामाचं कुलूप उघडायला वेळ लागेल म्हणतात. सुमित्रा नमस्कार सांगते. बकरी खुशाल आहे.

तुझा,
लीलाधर

ता. क. पाय दुखत नाही असं वर लिहिलं त्यानं निश्चिंत होऊ नकोस. तो दुखत नाही याचीच डॉक्टरीणबाईंना जास्त काळजी आहे. चिघळणं हाडात गेलं असेल तर पुढं काय, ते त्यांनी या वेळी सुमित्राला बाहेर न नेता माझ्यासमोरच सांगितलं.

आणखी ता. क. म्हणून तू ये. नवस तू बोललीस, तो तुझ्याच तोंडून फिरला पाहिजे. मी एकट्यानं मोडणार नाही. भाच्याला घेऊन ये, इच्छापूर वाटेतच आहे. पायऱ्या चढू नकोस, खालूनच हात जोड आणि अट तेवढी दुरुस्त करून घे. ‘मशीन सुटलं तर’ असं नको. ‘मशीनवर का होईना, पण राहिला तर’ असं म्हण. देवीला जमेल ते मागावं. मग घरी येऊन त्या चपला तुझ्या हातानं माझ्या पायात घाल. लहानपणी घालायचीस तशा. उजवी-डावी उलट घातलीस तरी चालेल.

शेवटचं. येताना केळी, गूळ, काही आणू नकोस. आणि गुडघ्यांचं निमित्त काढून पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस. चपला जोडीनंच मिळतात; दुकानदार एक विकत नाही, मी विचारून ठेवलंय. दोन्ही कामाला येतील तोवर ये.