कानबाईच्या रोटात चुडामण

जळगाव, श्रावण १९४८

लोटनभाऊ,

फाळणीनंतर आपल्या फुटबॉल संघातले युसुफ, अन्वर कराचीला गेले आणि तू, संघाचा कप्तान, घरी बसलास. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले तेव्हा मी नवी पोरं खेळताना पाहिली. बचाव कच्चा आहे, पण चुडामण चेंडू घेऊन सुटला की बघत राहावं! त्यांना शिकवणारा तेवढा हवा.

काल कानबाई देवीच्या रोटासाठी, प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरच्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू घेताना तोंडून चुडामणचं नाव गेलं. सासूबाईंनी विचारलं, "हाऊ कोन शे वं?"

"लोटनभाऊच्या संघातला."

"मंग तुना भाऊ कोठे शे?"

 पत्रानं तू हलायचा नाहीस, म्हणून हे पोस्टात टाकत नाही. कानबाईचं विसर्जन झालं की धुळ्याला येते आणि तुला मैदानावर नेऊनच परतते.

तुझी धाकटी,
यशोदा