पांढरं दिसलं तर वाळू

मुक्काम: की कॉकर बेट

आई,

तुझा हात डोक्यावर आहे असं समजून लिहितो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो.

परवा पाहुण्यांना पोवळ्यांच्या खडकांवर पोहायला नेलं. बाबांनी शिकवलंय ना, ‘तपकिरी दिसलं तर पोवळं, सुकाणू वळव; पांढरं दिसलं तर वाळू, खुशाल जा.’ पांढरं दिसलं, म्हणून गेलो. होडी घासली. ती वाळू नव्हती, आई. पाणी तापून पोवळंच मरायला टेकलंय, पांढरं पडलंय. एक पाहुणी पाण्यातून डोकं काढून म्हणाली, “काय सुंदर आहे हो.” मी हो म्हणालो.

होडीला ओरखडाच आलाय, बाबांना तेवढंच सांग. त्यांच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? दिसायला लागलं की ते आधी इकडेच येतील. ऑपरेशनची घाई करू नका.

तुझाच,
एलिहियो