तुमच्या नंबरावर

ग्वांगहोदादा,

चुसोकचा सण झाला आणि तुम्ही घर सोडून गेलात, त्याला सहा आठवडे झाले. "परदेशी असलास म्हणून काय, पाय सगळ्यांचेच दुखतात," असं म्हणत तुम्हीच मला पळायला लावलंत. गिम्हेच्या शर्यतीचा तुमचा छापील नंबर नेहमीसारखा टपालाने आपल्या कारखान्यात आला. रविवारी तोच छातीवर लावून मी धावलो.

शर्यत संपली की नंबर ज्याचा त्याच्या फोनवर वेळ येते. वाटलं, कुठेही असलात तरी 'प्यो ग्वांगहो, दहा किलोमीटर, चव्वेचाळीस मिनिटं' हे वाचून ओळखाल की हा त्या नेपाळ्याचा उद्योग. शिव्या द्यायला का होईना, फोन कराल.

फोन तुम्ही घरीच ठेवून गेलात, हे मला कुठे माहीत होतं?

अर्ध्या तासात तुमची ह्येरिम घरातल्या चपलांवरच मैदानात धावत आली. गरम टोफू आणि किमची खात बसलेल्या एकेकाला तुमचा फोटो दाखवत होती. मी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"काका, यांना पाहिलंत का? माझे बाबा आहेत. आत्ताच धावलेत."

खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं, दादा. बाहेर पडलं, "पाहिलं. छान पळत होते."

ती तिथेच मटकन बसून रडली. पुढच्या महिन्यात जिंजूच्या शर्यतीला पहाटेपासून शेवटच्या रेषेवर उभी राहते म्हणाली.

तुमचा जिंजूचा नंबरही काल आलाय. माझ्या उशाखाली आहे.

पत्र कुठे टाकू, तेही ठाऊक नसलेला,
नरध्वज